कार्तिकातील वादळ आणि गृहस्थाची पूर्वतयारी

दसऱ्याचे सोने वाटून झाले, परतीच्या पावसाच्या शेवटच्या सरी कोसळून गेल्या आणि पहाटेच्या हवेत गारवा जाणवू लागला, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील सामान्य गृहस्थ छत्र्या वाळवून माळ्यावर टाकतो, गच्चीवरील ताडपत्र्या गुंडाळतो आणि पुढील मृग नक्षत्रापर्यंत आभाळाची चिंता वाहण्याचे कारण नाही अशा निश्चिंत मनाने दिवाळीच्या तयारीस लागतो. ही निश्चिंती अनेक पिढ्यांच्या अनुभवातून आलेली असल्यामुळे तिला अज्ञान म्हणता येणार नाही. परंतु गेल्या काही वर्षांत कोकणपट्टीने जे पाहिले, ते लक्षात घेता तिच्यावर विसंबून राहणे मात्र आता शहाणपणाचे उरलेले नाही.

२००९ साली ११ नोव्हेंबर रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि कोकणातील मच्छीमारांच्या नौकांची व संसारांची मोठी हानी करून गेले. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस व डिसेंबरारंभी ‘ओखी’ने कन्याकुमारी आणि लक्षद्वीप यांना तडाखा दिला, गुजरातेच्या दिशेने जाताजाता ते क्षीण झाले खरे, तथापि ५ डिसेंबरला मुंबई व ठाण्यासह किनारी जिल्ह्यांतील शाळांना सुट्टी जाहीर करावी लागली, आणि दुसऱ्या दिवशीच्या महापरिनिर्वाणदिनासाठी दादरला आलेल्या अनुयायांच्या निवाऱ्याची तजवीज महापालिकेच्या शाळांमधून करावी लागली. २०२१ च्या १ डिसेंबरला तर नाव मिळालेल्या कोणत्याही वादळावाचून, ऐन थंडीत, मुंबई-ठाण्यात दिवसभर पाऊस कोसळला. अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक मोसमी पावसापूर्वीचा मे-जूनचा आणि दुसरा त्यानंतरचा ऑक्टोबर ते डिसेंबरचा; पहिल्याची तयारी आपण पावसाळ्याच्या तयारीबरोबर नकळत करून ठेवतो, दुसऱ्यासाठी मात्र आपल्या पंचांगात, अंदाजपत्रकात आणि मनात जागाच राखून ठेवलेली नसते.

नाल्यांतील गाळ मे महिन्यात उपसला जातो, फांद्यांची छाटणी त्याच सुमारास होते, गच्चीच्या पन्हाळ्या त्याच वेळी साफ केल्या जातात. नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्याच नाल्यांत चार महिन्यांचा गाळ आणि सणासुदीचा कचरा साचलेला असतो, फांद्या पुन्हा वाढलेल्या असतात, आणि पावसाळ्यापुरती थांबलेली रस्त्यांची खोदकामे नव्या जोमाने सुरू झालेली असतात. म्हणून या लेखाचे सांगणे एवढेच आहे की, जी तयारी आपण मृगापूर्वी करतो, तीच दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत पुन्हा एकदा करावी. घरोघरी साफसफाई त्या दिवसांत होतेच. तिला वादळाच्या तयारीची जोड देण्यास फारसा खर्च नाही, फक्त संकल्प हवा.

दोन मानपाडे, दोन प्रकारची संकटे

आपल्या जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन वस्त्या आहेत आणि दोहोंची भूमी निरनिराळी असल्याने त्यांना असलेले धोकेही निरनिराळे आहेत. ठाण्याचा चितळसर-मानपाडा घोडबंदर मार्गालगत, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेला आहे. डोंगरावर पडलेला पाऊस ओढ्यांनी खाली येतो, वस्ती ओलांडतो आणि पूर्वेकडील खाडीला मिळतो. उतार तीव्र असल्याने येथे पाणी चढते ते तासांच्या नव्हे, मिनिटांच्या हिशेबाने. डोंगरालगत राहणाऱ्यांनी काही लक्षणे ओळखून ठेवावीत: जमिनीला किंवा संरक्षक भिंतीला नवी भेग पडणे, विजेचा खांब वा झाड कलणे, दारे-खिडक्या एकाएकी घट्ट बसू लागणे, आणि धो धो पाऊस चालू असूनही ओढ्याचे पाणी अचानक कमी होणे किंवा गढूळ होणे. यांपैकी काहीही दिसले तर सामानाचा मोह सोडून तत्काळ घर सोडावे. दरड कोसळण्यापूर्वी दुसरी सूचना मिळेलच असे नाही.

डोंबिवलीचा मानपाडा कल्याण-शीळ मार्गावर आहे. सभोवती औद्योगिक वसाहत, सोनारपाडा, हेदुटणे यांसारखी जुनी गावे आणि त्यांमधून उठलेल्या नव्या उत्तुंग इमारती. येथे दरडीचे भय नाही. येथे पाणी सावकाश भरते आणि सावकाशच ओसरते. ज्या खाचरांत आणि तळ्यांत पूर्वी ते जिरत असे, त्यांच्यावर भराव पडला असल्यामुळे त्याला जाण्यास वाट उरलेली नाही. औद्योगिक वसाहतीच्या नाल्यांतून वाहणाऱ्या पाण्यात रसायने मिसळलेली असू शकतात. सबब त्या पाण्यात मुलांना खेळू देऊ नये, आणि नाइलाजाने उतरावे लागल्यास बाहेर पडताच साबणाने पाय धुवावेत.

दोन्ही वस्त्यांच्या पाण्याचा निचरा अखेरीस खाडीच्या स्वाधीन आहे, आणि खाडी भरतीच्या स्वाधीन. भरतीचे पाणी नाल्यांच्या मुखाशी उभे राहिले म्हणजे वरून आलेल्या पावसाला जागा मिळत नाही. कोळीबांधवांचा एक जुना हिशेब येथे उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीची स्थूल वेळ मिळते, अष्टमीला सहाच्या सुमारास, तर अमावास्या-पौर्णिमेस बाराच्या आसपास. खाडीच्या आत ती किनाऱ्याहून थोडी उशिराने पोहोचते. दिवाळीची अमावास्या आणि कार्तिकी पौर्णिमा या दोन्ही वेळी समुद्राला उधाण असते, हे ध्यानात ठेवून त्या दिवसांत वादळाची वार्ता आल्यास दुप्पट सावध असावे.

वाऱ्यासाठी करावयाची तयारी

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात जो पत्रा नुसता खडखडतो, तोच ८० च्या वाऱ्यात उखडून जातो. वाऱ्याने ताशी ६२ किलोमीटरची मर्यादा गाठली, की हवामान विभाग त्या प्रणालीस चक्रीवादळ म्हणतो. म्हणून आजवर काही झाले नाही, एवढ्यावरून पुढेही काही होणार नाही असा निष्कर्ष काढू नये.

प्रथम गच्चीवर जावे. पावसाळी शेडच्या पत्र्यांचे हूक आणि नटबोल्ट एकेक करून तपासावेत, गंजलेले बदलावेत. टाक्यांची झाकणे बांधावीत. सौर बंबाचे पाट आणि दूरचित्रवाणीच्या थाळ्या आपल्या जागी पक्क्या आहेत ना, हे हाताने हलवून पाहावे. दिवाळीच्या रंगकामाचे बांबू, रिकामे डबे, मोडके फर्निचर गच्चीवर ठेवण्याची जी सवय आहे, ती सर्वथा सोडावी, कारण सातव्या मजल्यावरून उडालेली प्लायवुडची फळीही खालच्या मनुष्याचा प्राण घेऊ शकते. त्यानंतर खिडक्यांकडे वळावे. ग्रिलमध्ये मांडलेल्या कुंड्या वादळाचा इशारा मिळताच आत घ्याव्यात, वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील भागाच्या कड्या तपासून घ्याव्यात, आणि सरकत्या खिडक्यांच्या खाचांतील माती काढून त्यांतील पाणी बाहेर जाण्याची छिद्रे मोकळी करावीत. वादळात घरात शिरणारे बरेचसे पाणी तुंबलेल्या खाचांमधून येते.

वृक्षांच्या बाबतीत स्वतःच्या अखत्यारीत कुऱ्हाड चालवू नये. महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू आहे आणि छाटणीसाठीही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. सबब अर्ज वादळाच्या आदल्या दिवशी नव्हे, दसऱ्यापूर्वीच द्यावा. अर्जात वृक्षाची जात, स्थान, कललेली दिशा आणि छायाचित्र दिल्यास काम सुकर होते. बुंध्याभोवती गळ्यापर्यंत काँक्रीट भरलेले असेल तर ते फोडून निदान हातभर माती मोकळी करून घ्यावी, कारण ज्या झाडाच्या मुळांना पसरण्यास जागाच नाही, ते झाड वाऱ्याला किती काळ तोंड देणार?

हिवाळी वादळाचा एक विशेष धोका मांडवांचा आहे. तुळशीचे लग्न लागले, की लग्नसराई सुरू होते आणि मैदानामैदानांतून उंच मांडव, कमानी व दिव्यांचे खांब उभे राहतात. २०२४ च्या १३ मे रोजी वळवाच्या वादळात घाटकोपरला महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांना प्राणास मुकावे लागले. फलक आणि मांडव वाऱ्यापुढे एकाच न्यायाने वागतात, कारण दोहोंचेही पृष्ठ विस्तीर्ण आणि पाया तोकडा असतो. ज्यांच्या घरी कार्य असेल, त्यांनी मांडववाल्याशी करार करतानाच वादळाचा इशारा आल्यास कापड उतरवण्याची अट घालावी, आणि वारा सुटल्यास पाहुण्यांना मांडवात न थांबवता पक्क्या इमारतीत न्यावे. मुहूर्त टळल्यास पुढचा मिळतो.

पाण्यासाठी करावयाची तयारी

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर पन्नास हजार लिटर पाणी उतरले असे समजावे. पन्हाळ्या तुंबून ते सर्व १० सेंटिमीटर पाणी गच्चीवरच साचून राहिले, तर प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलोग्रॅमचा अनपेक्षित भार पडतो. कबुतरांची पिसे, वाळकी पाने आणि रंगाचे खरवडलेले पापुद्रे यांनी दिवाळीनंतर या पन्हाळ्या हमखास बंद झालेल्या असतात. त्या मोकळ्या करण्यास तासभर पुरतो, आणि त्या तासाचे मोल जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी विशेषत्वाने जाणावे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने आवश्यक आहे. महापालिका धोकादायक इमारतींची यादी पावसाळ्यापूर्वी जाहीर करते, पण त्या यादीत आपले नाव असूनही केवळ पावसाळा निभावला म्हणून जी कुटुंबे तेथेच राहतात, त्यांनी हिवाळ्यातील वादळाला क्षुल्लक मानू नये.

तळमजल्यावर मीटरची खोली, पाण्याचा पंप आणि उद्‌वाहनाचा खड्डा ही तीन ठिकाणे प्रथम पाण्याखाली जातात. मीटरखोलीच्या दारात वाळूच्या पिशव्या रचण्याची सोय करून ठेवावी; मुख्य कळ कोणी बंद करावयाची, ती व्यक्ती आणि तिच्या गैरहजेरीत दुसरी व्यक्ती आधीच नेमावी. पाणी चढू लागल्यास उद्‌वाहन वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावे. जमिनीखालील टाकीत बाहेरचे पाणी शिरले असेल तर ती उपसून, धुऊन, क्लोरीन घातल्याखेरीज तिचे पाणी वापरू नये.

घरातील शिधा आणि दप्तर

वीज, नळ आणि बाजार हे तिन्ही तीन दिवस बंद राहतील असे समजून शिधा ठेवावा. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दररोज चार लिटर पाणी धरावे, म्हणजे चौघांच्या कुटुंबास तीन दिवसांचे जवळजवळ पन्नास लिटर होते. वापरण्याचे पाणी वेगळे. चिवडा, चकली, शंकरपाळे हे दिवाळीचे पदार्थ मुळातच न शिजवता खाण्याचे व टिकणारे असल्याने त्यांचा एक डबा बाजूला काढून ठेवणे सहज शक्य आहे; त्याच्या जोडीला पोहे, गूळ, शेंगदाणे, लहान मुलाचे दूध आणि रक्तदाब, मधुमेह वा दमा यांवरील आठवड्याची औषधे ठेवावीत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी वीज गेल्यास ते थंड कसे राहील याची विचारपूस आपल्या डॉक्टरांकडे आधीच करावी. प्रकाशासाठी विजेरी वापरावी. वाऱ्याच्या घरात मेणबत्ती आणि गॅसची शेगडी यांचा संयोग टाळावा.

कागदपत्रांचे दप्तर एकत्र, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि कमरेच्या वर ठेवावे: सदनिकेचा करारनामा व सूची क्रमांक दोन, गृहनिर्माण संस्थेचे भागप्रमाणपत्र किंवा गावठाणातील घराची घरपट्टीची पावती, सातबारा, शिधापत्रिका, आधारपत्रे, विम्याची कागदपत्रे, मुलांचे शाळेचे दाखले. त्यांची छायाचित्रे दूरच्या एखाद्या नातलगाकडे पाठवून ठेवावीत. थोडी रोख रक्कमही जवळ असावी, कारण वीज आणि संदेशवहन खंडित झाल्यावर भ्रमणध्वनीतून पैसे देता येत नाहीत.

शेतकरी बांधवांसाठी एक निराळी सूचना. कार्तिकात भात कापून शेतात पसरलेले असते आणि वादळाचा पाऊस नेमका त्याच वेळी गाठतो. इशारा मिळताच कापणी थांबवावी; कापलेले भात उंचवट्यावर रचून ताडपत्रीने झाकावे आणि ताडपत्रीच्या कडा दगडांनी दाबण्याऐवजी दोरीने आवळाव्यात.

इशाऱ्याचे वाचन

हवामान विभाग आपले इशारे रंगांनी देतो. हिरवा म्हणजे काही करण्याचे कारण नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, तांबडा म्हणजे कृती करा. पावसाचे मापही ठरलेले आहे: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ पर्यंत मुसळधार, तेथून २०४.४ पर्यंत अतिमुसळधार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली होती, यावरून या मर्यादा ओलांडल्या गेल्यास काय होते याची कल्पना यावी.

पिवळा इशारा मिळताच भ्रमणध्वनी पूर्ण भारित करावेत आणि शिध्याची पाहणी करावी. नारिंगी इशारा मिळाल्यास कुंड्या आत घ्याव्यात, वाहने झाडाखालून व तळघरातून हलवावीत, टाक्या भरून घ्याव्यात, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करावी. तांबडा इशारा असेल तर डोंबिवलीहून मुंबईकडे कामास जाणाऱ्याने नोकरीची चिंता काही काळ बाजूस ठेवून घरी राहावे, आणि मालकांनीही माणसांना येण्याची सक्ती करू नये. वार्ता हवामान विभाग, जिल्हाधिकारी कार्यालय आणि महापालिका यांच्याकडूनच घ्यावी. कोणीतरी पुढे पाठवलेल्या निनावी संदेशांवर विसंबू नये व ते आणखी पुढे पाठवू नयेत. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८, महावितरणाचा १९१२ आणि सर्व संकटांसाठी ११२ हे क्रमांक कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावेत.

वादळ चालू असताना

काचेच्या खिडक्यांपासून दूर, घराच्या मधल्या खोलीत बसावे. वारा एकाएकी थांबला तर लगेच बाहेर पडू नये. केंद्र डोक्यावरून जाताना अशी शांतता पसरते आणि नंतर तोच वारा उलट दिशेने येतो. घराबाहेर असल्यास मांडव, फलक, झाड, बांधकामाची परांची यांच्या आश्रयास उभे राहू नये. दोन्ही मानपाड्यांलगतच्या हमरस्त्यांवर मेट्रोच्या कामाने खड्डे आणि अडसर निर्माण झाले आहेत. पाण्याने झाकलेल्या रस्त्यावर त्यांचा अंदाज येत नाही. घोट्याच्या वर वाहते पाणी असल्यास त्यातून चालू नये. फूटभर वाहते पाणी मोटार वाहून नेण्यास पुरेसे असते. तुटलेली तार दिसल्यास तिच्या आसपासचे पाणीही विद्युत्‌भारित आहे असे समजावे.

रेल्वेत अडकलेल्यांसाठी २०१९ च्या २७ जुलैचा प्रसंग मार्गदर्शक आहे. उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते. त्यांना गाडीतून न उतरण्याच्या सूचना देण्यात आल्या आणि बचाव पथकांनी सर्वांची सुखरूप सुटका केली. रुळांवर उतरून चालत जाण्याची घाई प्राणघातक ठरू शकते; वीजप्रवाह, उघडी गटारे आणि मागून येणारी गाडी या तिन्हींचा धोका असतो.

वादळानंतर

वादळ ओसरले म्हणजे संकट संपले असे नाही. भिजलेली विद्युत उपकरणे तारतंत्र्याने तपासल्याखेरीज चालू करू नयेत. पिण्याचे पाणी चांगले उकळून घ्यावे. साचलेल्या पाण्यातून ज्यांना जावे लागले, विशेषतः पायाला जखम असताना, त्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा रोग आहे आणि वेळीच घेतलेल्या औषधाने त्याला प्रतिबंध होऊ शकतो. २००५ च्या प्रलयानंतर त्याने अनेकांचे बळी घेतले होते.

नुकसान झाले असेल तर साफसफाईपूर्वी छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीस लेखी कळवावे आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. ठाण्याच्या मानपाड्याने ठाणे तहसील कचेरीशी, डोंबिवलीच्या मानपाड्याने कल्याण तहसील कचेरीशी संपर्क साधावा. पंचनाम्याची प्रत मागून घेण्यास संकोच करू नये. पंचनामा नाही तर पुढे भरपाईही नाही.

एकट्याचे नव्हे, सर्वांचे काम

वर सांगितलेल्या सूचनांपैकी निम्म्याहून अधिक गोष्टी कोणाही एका गृहस्थाच्या हातातल्या नाहीत. गच्ची सर्वांची, नाला सर्वांचा, वृक्ष सर्वांचा. म्हणून प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आणि चाळ-समितीने दसऱ्यापूर्वी एक सभा घ्यावी, कामे वाटून घ्यावीत, त्यांना मुदत ठरवावी आणि इतिवृत्तात नोंद करावी. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया आणि डायलिसिस किंवा प्राणवायूवर असलेले रुग्ण यांची यादी करून प्रत्येकामागे एक शेजारी नेमावा. जवळच्या शाळेच्या किल्ल्या रात्री कोणाकडे असतात, हे त्या यादीच्या शेवटी लिहून ठेवावे.

आणि आपल्या कुंपणाबाहेरही पाहावे. पावसाळा संपताच कल्याण-भिवंडी परिसरात वीटभट्ट्या पेटतात. कातकरी आणि इतर मजुरांची कुटुंबे भट्टीलगत गवताच्या, प्लास्टिकच्या झोपड्यांत येऊन राहतात. हिवाळ्यातील वादळ त्यांना सर्वांत आधी गाठते, आणि त्यांच्यापाशी ना हवामानाचा इशारा पोहोचतो, ना पक्का निवारा असतो. तसेच बांधकामांवरील कामगारांचे. भट्टीमालकाने व ठेकेदाराने या कुटुंबांना इशाऱ्याच्या दिवशीच पक्क्या इमारतीत हलवण्याची जबाबदारी उचलली पाहिजे; ती ते उचलत नसतील तर शेजारच्या रहिवाशांनी महापालिकेस अथवा १०७७ वर कळवले पाहिजे. यात उपकाराचा भाव नसावा. आपली घरे ज्या विटांनी उभी राहिली, त्या ज्यांनी भाजल्या त्यांचे ते आपल्यावरील ऋण आहे.

तेव्हा वाचकांना आग्रहाची विनंती अशी की, हा लेख वाचून बाजूस ठेवण्याऐवजी येत्या रविवारी आपल्या गच्चीवर जावे, पन्हाळी मोकळी करावी, पत्र्याचे हूक हलवून पाहावेत, आणि खाली आल्यावर सभेची नोटीस फलकावर लावावी.